बाई होऊन लिहिलेली रोजनिशी

इ.स. ९३४-३५ चा हिवाळा. जपानमधील शिकोकू बेटावरच्या तोसा प्रांताचा मुख्य अधिकारी आपली मुदत संपवून राजधानीकडे, म्हणजे आजच्या क्योतोकडे, परत निघाला. वय साठीच्या घरात. प्रवास बहुतांशी समुद्रमार्गे, तब्बल ५५ दिवसांचा. या प्रवासाची त्याने रोजनिशी लिहिली आणि तिच्या पहिल्याच वाक्यात एक विलक्षण बतावणी केली. लिहिणारी व्यक्ती स्त्री आहे, आणि पुरुषांचे समजले जाणारे हे काम ती सहज म्हणून करून पाहते आहे, असे त्याने भासवले.

या अधिकाऱ्याचे नाव की नो त्सुरायुकी. रोजनिशीचे नाव ‘तोसा निक्की’. एका प्रतिष्ठित, वयोवृद्ध सरकारी अधिकाऱ्याला आपल्याच प्रवासाची हकिकत सांगण्यासाठी बाई का व्हावे लागले, या प्रश्नापासून हा धागा सुरू होतो आणि शेवटी बुलढाण्यापर्यंत येतो. थोडा लांब आहे; सवडीने वाचावा.

दहाव्या शतकातील जपानी दरबारात चिनी भाषेला तेच स्थान होते, जे आपल्याकडे संस्कृतला आणि पुढे राज्यकारभारात फारसीला होते. आज्ञापत्रे चिनीत, इतिहास चिनीत, विद्वानांची कविता चिनीत. अधिकारी रोजनिशी लिहीत ती देखील चिनीतच. तिच्यात कोणता विधी कसा पार पडला, कोण कुठे बसले, कोणाला कोणते पद मिळाले, याच्या नोंदी असत. पुढच्या पिढीला दरबारी रीत कळावी, हा तिचा हेतू. मनातले बोलण्याची ती जागा नव्हतीच.

याच सुमारास चिनी अक्षरे सुटसुटीत करून जपानी उच्चारांसाठी ‘काना’ ही लिपी रूढ झाली होती. तिला ‘ओन्नादे’ म्हणत, म्हणजे बायकांचे वळण. चिनी अक्षरांना ‘ओतोकोदे’, म्हणजे पुरुषांचे वळण. पुरुषांना काना येत नव्हती असे मुळीच नाही. प्रेमपत्रे आणि जपानी कविता ते तिच्यातच लिहीत. पण ती खाजगीतली गोष्ट होती. चारचौघांत मिरवायची नव्हे.

हे दुखणे त्सुरायुकीइतके कोणाला ठाऊक असणार? इ.स. ९०५ मध्ये सम्राटाच्या आज्ञेने ‘कोकिन्शू’ हा जपानी कवितांचा संग्रह सिद्ध होऊ लागला, त्याच्या चार संपादकांपैकी तो एक. त्याने कानात लिहिलेली प्रस्तावना जपानी काव्यविचाराचा आरंभ मानली जाते. आपली देशी कविता रंगेल लोकांच्या घरांत दडून राहिली आणि गंभीर सभेत दाखवण्याजोगी उरली नाही, अशी खंत तिच्यात आहे. एवढे करूनही त्या संग्रहाला चिनी भाषेत दुसरी प्रस्तावना जोडलेली आहे. देशी कवितेच्या पहिल्या राजमान्य ग्रंथालाही परभाषेतील प्रतिष्ठेचा टेकू सोडवला नाही.

मराठी वाचकाला यात अनोळखी असे काही वाटणार नाही. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो, राणी आणि दासी प्राकृत बोलतात. पण त्याच राणीला गाणे म्हणायचे असले की ते महाराष्ट्री प्राकृतात. महानुभाव पंथात केशिराजबासांसारखा संस्कृतचा पंडित होता. त्याने संस्कृतात लिहू नये, माझ्या म्हाताऱ्याकोताऱ्या ज्ञानाला मुकतील, असे नागदेवाचार्यांनी बजावल्याची आठवण पंथाच्या वाङ्मयात जपलेली आहे. आचार्यांनी पंडिताला त्याची प्रतिष्ठा बाजूला ठेवायला लावली. त्सुरायुकीला असे सांगणारे कोणी नव्हते. त्याने स्वतःच वाट काढली, ती बाईच्या आवाजाची.

त्या आवाजाने काय साधले? तोसामध्ये असताना त्याची लहान मुलगी वारली होती. राजधानीत जन्मलेली ही पोर परतीच्या वाटेवर सोबत नव्हती. चिनी रोजनिशीत अधिकाऱ्याच्या लेकीच्या मृत्यूला फार तर एक ओळ मिळाली असती. इथे मात्र ते दुःख निघताना येते, किनाऱ्यावरचे शिंपले पाहताना येते, आणि घरी पोहोचल्यावर तर उफाळूनच येते. ज्या शेजाऱ्याच्या भरवशावर घर सोडले होते त्याने त्याची पार दुर्दशा करून ठेवलेली असते. तळ्याकाठच्या जुन्या पाइन वृक्षांपैकी निम्मे गेलेले, त्यांच्यामध्ये नवी रोपे उगवलेली, आणि याच घरात जन्मलेली मुलगी मात्र परतलेली नाही. तिथे रोजनिशी थांबते.

हसण्यालाही इथे मोकळीक आहे. चाचे मागे लागतील या भीतीने सगळे कासावीस. नावाडी अडाणी आणि पिण्यात दंग. सुमियोशीच्या देवाजवळ समुद्र खवळतो तेव्हा तो सांगतो, देवाला काहीतरी हवे आहे. आधी साधी भेट वाहतात. देव ऐकत नाही. मग नाइलाजाने एकुलता एक आरसा समुद्रात टाकतात आणि लाटा निवतात. निवेदन करणारी बाई देवाच्या या लोभावर हळूच कोपरखळी मारते. प्रांताच्या माजी मुख्याधिकाऱ्याने स्वतःच्या नावाने, चिनीत, देवाला असे कोपरखळीने मारले असते का, याचा विचार करून पाहावा.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. ही बतावणी कोणाला फसवण्यासाठी होती, असे समजणे भोळेपणाचे ठरेल. त्या लहानशा दरबारी वर्तुळात लिहिणारा कोण हे वाचणाऱ्याला कळतच असणार. अभ्यासकांनी या वेशांतराची अनेक कारणे सांगितली आहेत आणि केवळ भीती हे त्यांपैकी एकही पुरेसे कारण नाही. मुखवटा ओळख लपवण्यापुरताच असतो असे नाही. आपल्या पदाला न शोभणारे काही बोलायचे आहे, ते पद क्षणभर खाली ठेवतो, अशी ती परवानगी असते. आणि ती त्सुरायुकीने स्वतःच स्वतःला दिली. तरी संकोच शेवटपर्यंत गेला नाही. हे लिखाण लवकर फाडून टाकावे, अशा आशयाच्या शब्दांवर रोजनिशी संपते. कोणी फाडले नाही. पुढे ३०० वर्षांनी, इ.स. १२३५ मध्ये, फुजिवारा नो तेइका या कवीने त्सुरायुकीच्या हस्ताक्षरातील मूळ प्रत समोर ठेवून तिची नक्कल केली. पुढच्या वर्षी त्याच्या मुलाने दुसरी केली. मूळ प्रत आज नाही. नकला आहेत.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. पुरुषांना काना वापरायला संकोच वाटे, तसा स्त्रियांना चिनी वापरायला.

त्सुरायुकीनंतर साधारण पाऊण शतकाने सम्राज्ञी शोशीच्या महालात एक विधवा स्त्री नोकरीस आली. जग तिला मुरासाकी शिकिबू या नावाने ओळखते. ‘गेंजी मोनोगातारी’ ही ५४ प्रकरणांची कथा तिची. तिने एक रोजनिशीही लिहिली, त्यात इ.स. १००८ ते १०१० या काळातील दरबार दिसतो. लोकांत आपण कसे दिसू, या चिंतेने एखादी प्रतिभा किती ग्रासली जाते, याचा इतका प्रांजळ पुरावा जगाच्या वाङ्मयात क्वचितच सापडेल.

ती लिहिते की लहानपणी वडील तिच्या भावाला चिनी शिकवत तेव्हा ती शेजारी बसून ऐके. भावाला जे अडे ते तिला चटकन येई. वडिलांना त्याचा आनंद झाला नाही; ही मुलगा असती तर, अशी हळहळ त्यांनी व्यक्त केली. पुढे तिने लोकांचे बोलणे ऐकले की विद्येचा डौल मिरवणाऱ्या पुरुषाचेही भले होत नाही, मग बाईची काय कथा. तेव्हापासून तिने ‘एक’ हा आकडा दाखवणारे चिनी अक्षरसुद्धा लिहिणे सोडले. चिनीत ‘एक’ म्हणजे निव्वळ एक आडवी रेघ. तेवढी रेघही चारचौघांत ओढायची नाही! महालातील पडद्यांवर चिनी वचने लिहिलेली असत. ती वाचता येत नाहीत असा आव ती आणी.

तरीही ते लपले नाही. सम्राट इचिजोने ‘गेंजी’ वाचून घेतली आणि हिने जपानचे इतिवृत्त वाचलेले दिसते, असे कौतुकाने म्हटले. झाले! दरबारातील एका बाईने लगेच तिला ‘इतिवृत्तवाल्या बाईसाहेब’ अशा अर्थाचे टोपणनाव चिकटवले. सम्राटाची शाबासकी तिला टोमणा होऊन परत मिळाली.

आणि हीच स्त्री सम्राज्ञीला बाइ च्यु-यी या चिनी कवीच्या कविता शिकवत होती, तेही चोरून, आजूबाजूला कोणी नसताना. ज्या ज्ञानामुळे ‘गेंजी’ची वीण इतकी दाट झाली ते ज्ञान दाखवायचे नव्हते, पण टाकायचेही नव्हते. ते कथेत विरघळवले गेले. मात्र या कोंडमाऱ्याची सगळी वाफ मत्सर होऊन भलत्याच ठिकाणी निघाली. समकालीन लेखिका सेई शोनागोन आपले चिनी ज्ञान बिनदिक्कत मिरवी, म्हणून मुरासाकीने तिच्यावर जी आग पाखडली आहे ती वाचवत नाही. स्वतःवर लादलेले नियम दुसरी कोणी पाळत नाही हे पाहणे फार जड जाते.

एकच घटना दोन्ही वळणांत कशी दिसते, हेही पाहण्यासारखे आहे. इ.स. १००८ मध्ये शोशीला मुलगा झाला. तिचा पिता फुजिवारा नो मिचिनागा हा त्या काळातील सर्वांत बलाढ्य पुरुष. त्याची चिनीतील रोजनिशी त्याच्याच हस्ताक्षरात अंशतः टिकून आहे. या जन्माकडे ती विधी आणि मानपानाच्या अंगाने पाहते. मुरासाकीच्या रोजनिशीत मात्र हाच मिचिनागा नातवाला मांडीवर घेऊन बसतो, नातू त्याचे कपडे ओले करतो, आणि तो बलाढ्य पुरुष शेगडीवर कपडे वाळवत आनंदाने फुलून येतो. आजोबाने स्वतः हे लिहिले नसते. त्याच्या वळणात ते बसणारेच नव्हते.

म्हणजे जिथे प्रतिष्ठा पणाला लागलेली नव्हती, तिथे नवे काही घडले. चिनी भाषेत लिहिणाऱ्या विद्वान पुरुषांना चुकण्याची भीती होती, पूर्वसूरींशी तुलनेची भीती होती. कानातील कथा म्हणजे बायकांची करमणूक. तिच्याकडे कोणी गंभीरपणे पाहत नव्हते, म्हणून तिच्यात वाटेल ते करता येत होते. पण यावरून उपेक्षा ही प्रतिभेला पोषकच असते, असा सोयीचा निष्कर्ष काढू नये. ‘गेंजी’च्या लेखिकेचे खरे नाव आज कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. ‘मुरासाकी’ हे तिच्या नायिकेचे नाव, ‘शिकिबू’ हे वडिलांच्या खात्याचे. लोकलज्जेने तिची कथा हिरावली नाही. नाव मात्र ठेवले नाही.

अशा चर्चेत एक विधान हमखास ऐकू येते: पूर्वेकडे लोकांना ‘चेहरा’ जपायचा असतो, पश्चिमेकडे व्यक्ती स्वतंत्र असते, म्हणून नवनिर्मिती तिकडची. यात अर्धे सत्य आहे. चिनी समाजात या गोष्टीला खरोखरच बारीक शब्द आहेत. हू श्येन-चिन या विदुषीने १९४४ मध्ये दाखवून दिले की चिनीत चेहऱ्याला दोन निरनिराळे शब्द आहेत. ‘ल्येन’ म्हणजे चारित्र्याची इभ्रत, जी एकदा गेली की समाजात उभे राहणे कठीण. ‘म्येन्झ’ म्हणजे यशाने, ओळखींनी मिळवलेला मोठेपणा, जो कमीजास्त होतो. मराठीने याच कामासाठी चेहऱ्याऐवजी नाक निवडले. आपल्याकडे नाक कापले जाते आणि वर केलेले नाक खालीही येते. तोंड मात्र आपणही लपवतो. पण शब्द बारीक असले म्हणून दुखणे फक्त त्यांचेच ठरत नाही. इंग्रजीत असा नेमका शब्द नसेल. इंग्लंडमधील बायकांना दुखणे मात्र पुरेपूर ठाऊक होते.

शार्लट ब्राँटी या विशीतील तरुणीने आपल्या कविता रॉबर्ट सदी या राजकवीकडे पाठवल्या. मार्च १८३७ मध्ये त्याचे उत्तर आले. वाङ्मय हा स्त्रीच्या आयुष्याचा व्यवसाय होऊ शकत नाही आणि होऊही नये, असा त्याचा भावार्थ. शार्लटने विनयाने आभार मानले. १८४६ मध्ये तिघी बहिणींनी पदरचे पैसे घालून कवितांचे पुस्तक काढले, ते करर, एलिस आणि अॅक्टन बेल या नावांनी. नावे धड पुरुषी नाहीत, धड बायकी नाहीत. उघड खोटे बोलायला मन धजेना, आणि बाईचे पुस्तक म्हटले की समीक्षक पूर्वग्रहाने वाचतात हेही ठाऊक होते, असे शार्लटने १८५० मध्ये बहिणींच्या पश्चात स्पष्ट केले. पहिल्या वर्षी त्या पुस्तकाच्या अवघ्या दोन प्रती खपल्या.

पुढच्या वर्षी ‘जेन एअर’ आली आणि गाजली. त्याबरोबर करर बेल पुरुष की बाई, हा वादही गाजला. १८४८ च्या अखेरीस ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’मधील समीक्षकाने लिहिले की लेखक स्त्री असेलच, तर ती अशी असली पाहिजे की काही कारणाने सभ्य स्त्रियांच्या सहवासाला मुकलेली आहे. वाक्याचा रोख कुठे आहे हे सांगायला नको. हे निनावी परीक्षण एलिझाबेथ रिग्बी या स्त्रीने लिहिले होते, हे पुढे उघड झाले. तीही नावाआड होती. सेई शोनागोनवर तुटून पडणारी मुरासाकी इथे आठवल्यावाचून राहत नाही.

आता महाराष्ट्र. १९३३ मध्ये पुण्यात ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह निघाला. लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, कमावत्या, पण अविवाहित राहिलेल्या मुलींची घुसमट, हुंडा, घरच्यांनी त्यांच्या पगारावर ठेवलेला डोळा, त्यांच्या शरीरमनाची भूक हे विषय मराठीत इतक्या थेट शब्दांत बाईने प्रथमच मांडले होते. सनातन्यांनी गहजब केला. ही विभावरी कोण, याची चर्चा पुस्तकाइतकीच झाली.

विभावरी म्हणजे रात्र. त्या होत्या बाळूताई खरे, महर्षी कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या आणि तिथेच अध्यापन केलेल्या. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की त्यापूर्वीची त्यांची शास्त्रीय स्वरूपाची पुस्तके, अलंकारांवरचे आणि हिंदू व्यवहारधर्मशास्त्रावरचे, खऱ्या नावाने निघालेली आहेत. शास्त्र स्वतःच्या नावाने, मनातले दुसऱ्या नावाने. तोसाच्या अधिकाऱ्याने केलेली वाटणी हजार वर्षांनी पुण्यात जशीच्या तशी! आणि हा संकोच त्यांच्या एकटीचा नव्हता. स्त्रीशिक्षणाच्या संस्था तेव्हा अगोदरच संशयाच्या नजरा झेलत होत्या; शिकवणाऱ्या बाईच्या नावाला लागलेला डाग मुलींच्या शाळेलाही लागला असता. पुढे विश्राम बेडेकरांशी विवाह होऊन त्या मालतीबाई बेडेकर झाल्या, नावाचे रहस्यही राहिले नाही. तरी ‘बळी’ ही १९५० ची कादंबरी विभावरी शिरूरकर याच नावाने निघाली. आता त्या नावात लपण्यासारखे काही नव्हते. ते लेखणीचे नाव झाले होते.

मुखवटा न घालणारीचे काय झाले, तेही नोंदवले पाहिजे. विभावरींच्या ५१ वर्षे आधी, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला गर्भातून जन्मलेले मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली होती, ती पुढे सौम्य करण्यात आली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर जी चिखलफेक झाली तिने ताराबाईंचा संताप अनावर झाला. विधवेला विवाहाची बंदी करणारे कोण, तिला नादी लावणारे कोण, आणि शिक्षा कोणाला, हे त्यांनी रोखठोक विचारले. भाषा घरातली, चुलीजवळची, म्हणी आणि शिव्याशापांसकट. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ५०० प्रती निघाल्या. किंमत नऊ आणे. नाव स्वतःचे, खरे, आडनावासकट.

टीका अशी झाली की सत्यशोधक वर्तुळातील माणसेही त्यांच्यावर उलटली. ताराबाईंचे वडील स्वतः सत्यशोधक समाजाचे सभासद होते, तरीही. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या अंकात या टीकाकारांना फटकारले आणि ताराबाईंची बाजू घेतली. त्या काळातील एवढा एक भक्कम आधार त्यांना मिळाला.

ताराबाईंचे दुसरे कोणतेही छापील पुस्तक उपलब्ध नाही. या पुस्तकाचाही पुढे विसर पडला. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते शोधून पुन्हा छापले, तेव्हा पहिल्या छपाईला ९३ वर्षे झाली होती.